गिळलेली वाक्यं

“मीठ बरं आहे का आमटीत?” असं विचारून मी भात वाढला, त्यावर तूप सोडलं, लोणच्याची बरणी उघडली आणि म्हटलं, “बबन वस्ताद आज येणार होते ना हो?”

तेव्हा आमचे हे म्हणाले, “कमी आहे.”

“काय कमी आहे? वस्ताद?”

ह्यांनी कपाळाला हात लावला. पुन्हा तेवढाच वेळ गेला आणि त्यांच्या गळ्यातल्या पट्टीतून आवाज आला, “मीठ गं बाई, मीठ!”

मी हसले, हे हसले नाहीत. असली तिरकी उत्तरं देण्याचा मक्ता आमच्या घरात खरं तर त्यांचा, आणि तीही माझं वाक्य पुरं व्हायच्या आत. लग्न ठरवायला आले होते तेव्हा मी सांगितलं, “मी संगणकाच्या गाभ्यात काम करते. तिथं कोण फुकटची जागा अडवून बसलंय ते शोधून—” एवढ्यात हे म्हणाले, “म्हणजे एसटीत कंडक्टर!” माझे वडील खो खो हसले, मला राग आला, आणि त्या रागातच मी होकार दिला. पस्तीस वर्षांचा संसार आम्ही असा एकमेकांची वाक्यं तोडत केला.

जयसिंगराव मोहिते हे नाव आमच्या विटा-खानापूरकडे कुणालाही विचारा. पैलवान नव्हेत, कुस्तीचे निवेदक. तांबड्या मातीत जोड सुटली की ह्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू. पैलवान कुणाचा मुलगा, कुठल्या तालमीचा, कुणाच्या हाताखाली घडला, सगळं तोंडपाठ. आणि डाव पडत असतानाच त्याचं नाव ह्यांच्या तोंडून बाहेर. लांब बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना मातीतलं काही दिसायचं नाही, ती ह्यांच्या आवाजावर कुस्ती बघायची.

मग घशात गाठ निघाली आणि गाठीसोबत स्वरयंत्र गेलं. जीव वाचला, त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार कसे फेडू. पण घर इतकं गप्प झालं की मी भांडी मुद्दाम आदळून घासायची.

बोलकी पट्टी तोवर निघाली होती. मेंदूत बोलण्याचे हुकूम जिथून सुटतात तिथं पोस्टाच्या तिकिटाएवढी जाळी बसवतात, कानामागं कातडीखाली एक चिप आणि गळ्यात पट्टी. माणसाच्या मनात वाक्य जुळलं की जाळी ते ओळखते, चिप त्याचे शब्द करते. मग मेंदूतून दुसरा हुकूम सुटतो, बोल म्हणून. तो आला की पट्टी वाक्य उच्चारते. आपण नाही का, अगदी जिभेवर आलेलं वाक्य ऐन वेळी गिळतो? तेव्हा तो दुसरा हुकूम येत नाही आणि चिप ते वाक्य टाकून देते. आवाज ह्यांच्या जुन्या मैदानांच्या रेकॉर्डिंगवरून घडवलेला, अगदी ह्यांचाच. पहिल्यांदा पट्टीतून “सारिका” अशी हाक आली तेव्हा मी दवाखान्याच्या खुर्चीत बसून हमसाहमशी रडले होते.

सगळं छान, एक उशीर सोडून. मनात आल्यापासून ओठ — ओठ कसले, पट्टी — हलेपर्यंत दोन श्वास जायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोलता येतंय हे काय कमी आहे? खरंच होतं ते. पण दोन श्वास उशिरा आलेल्या विनोदाला कोण हसतं? हळूहळू ह्यांनी विनोद सोडले. मग टोमणे सोडले. मग “हो”, “नको” आणि “कमी आहे” एवढ्यावर आले.

बबन वस्ताद जेवणं झाल्यावर आले. तालीम त्यांची, आणि बिरोबाच्या यात्रेचं कुस्ती मैदानही तेच भरवतात. सुपारी कातरत म्हणाले, “अण्णा, यंदा तुमचा सत्कार धरलाय. फेटा, शाल, घोंगडं. स्टेजवर बसायचं आणि मैदान बघायचं.”

दोन श्वास गेले. “आणि माईक?”

वस्ताद सुपारीकडंच बघत राहिले. “माईकवर तासगावचे पाटील सांगितलेत. अण्णा, राग मानू नका. गेल्या साली काय झालं ते तुम्हाला ठावं हाय.”

गेल्या साली काय झालं ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. हे माईकवर उभे राहिले. एका पोरीनं कलाजंग डावावर समोरचीला उचलून टाकली, पंचांनी हात वर केला, पोरगी मातीला नमस्कार करून पाणी प्यायला गेली, आणि मग कर्ण्यातून ह्यांचा आवाज आला, “कलाजंग! कलाजंग बांधली!” मैदान हसलं. वाईट मनानं नाही हसलं कुणी. पण हे माईक ठेवून खाली उतरले ते नंतर कुठल्या मैदानाकडं फिरकले नाहीत.

वस्ताद गेल्यावर हे म्हणाले, “यात्रेपर्यंत बघू. नाहीतर दवाखान्यात जाऊन हे काढून घेऊ, सारिका. शिळं बोलण्यापेक्षा मुका बरा.”

हा माणूस बोलला की करतो.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तू जन्मभर हेच काम केलंस, मग हातावर हात धरून का बसलीस? तर चिपचं कुलूप कंपनीच्या हातात होतं म्हणून. पण त्याच वर्षी कायदा झाला, शरीरात बसवलेल्या यंत्राचा प्रोग्राम ज्याचं शरीर त्याला खुला. उष्णतेचा आणि बॅटरीचा भाग तेवढा बंद. बाकी काहीही बदलायचं तर त्या माणसाचा अंगठा लागतो, बस्स. दुसऱ्याच सकाळी मी ह्यांचा अंगठा घेतला आणि चिपचा गाभा उघडला.

गाभा म्हणजे इंग्रजीत कर्नेल. यंत्रातली सगळी कामं ज्याच्याकडं जागा मागतात तो. लग्नाच्या पंगतीतला कोठीवाला समजा. आता पंगतीत कुणी पाणी मागितलं, तर ह्या चिपमध्ये काय चालायचं? वाढपी कोठीपर्यंत जायचा, पेला मागायचा, कोठीवाला तो विसळून द्यायचा, वाढपी पाणी द्यायचा आणि पेला परत कोठीत जमा. पुढच्या घोटाला पुन्हा तीच वारी. एकेका शब्दासाठी चिप गाभ्याकडं नव्यानं जागा मागत होती, तोच शब्द एका जागेतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत उतरवून काढत होती. कानामागं चिप तापू नये म्हणून मेमरी मुळात एवढीशी. मागून आणि परत करून तिचे तुकडे झालेले. जागा आहे पण सलग नाही. मग सगळी कामं थांबवून गाभा आवराआवर करायचा, आणि तेवढा वेळ आमचे हे तोंड उघडून बसायचे.

“अगं बाई!” मी मोठ्यांदा म्हटलं. “ह्यांना बोलायला वेळ लागत नाही. ह्यांचा वेळ भांडी मागण्यात जातोय!”

काम मला नवं नव्हतं. मागणंच बंद करायचं. चिप सुरू होतानाच एक मोठी जागा कायमची बाजूला काढून ठेवली, वाक्य तिथंच जुळेल, तिथूनच बोललं जाईल, उतरवाउतरवी बंद. पंगतीच्या शेजारी एकच तांब्या. विसळणंही काढून टाकलं. नवं वाक्य जुन्यावर लिहिलं जाणारच आहे, मग आधीचं पुसण्यात वेळ का घालवा?

पारख कशी करायची हे ह्यांनीच ठरवलं. जुन्या मैदानांचे व्हिडिओ आवाज बंद करून लावायचे आणि हे बोलणार. ह्यांनी अंगठा दिला, चिप पुन्हा सुरू झाली, पडद्यावर दोन पैलवानांनी हात मिळवले.

“सलामी झडली!” हे म्हणाले. तेव्हाच, हात मिळत असतानाच.

मी उठून उभी राहिले. हे बोलत सुटले. “घुटना ठेवला, नाही सुटत, नाही सुटत, पोरगं कासावीस झालंय, आरं मान काढ, मान काढ, काढली की रं पठ्ठ्यानं!” दुपार झाली, कुकर तसाच राहिला. अडखळणं नाही, उशीर नाही. मी म्हटलं, “आता जरा थांबा, घसा—”

“घसा आहे कुठं मला?” हे म्हणाले.

माझं वाक्य तोडलं हो! मी ह्यांच्या गळ्यात पडले, पट्टीसकट. शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या होत्या तरी सोडलं नाही.

संध्याकाळीच वस्तादांना फोन झाला. ते येऊन ऐकून गेले, तासगावच्या पाटलांना सांगितलं. पाटील भले, म्हणाले, अण्णा उभे राहत असतील तर मी शेजारी उभा राहून ऐकतो. माईक ह्यांना परत मिळाला.

मग एके दिवशी दुपारी दुधी भोपळा होता. डॉक्टरांनी सांगितलेला, आठवड्यातून किती वेळा ते विचारू नका. हे मुकाट जेवत होते. मी विचारलं, “आणखी वाढू?”

“नको,” हे म्हणाले. आणि लगेच, त्याच आवाजात, “खाऊन खाऊन मीच भोपळा झालोय.”

मला हसू फुटलं. पण हे हसत नव्हते. घास हातात तसाच धरून पट्टीला चाचपत होते. “मी बोललो हे?”

“मग काय भोपळा बोलला?”

“बोलायचं नव्हतं मला,” हे म्हणाले.

मी तेवढ्यावर सोडून दिलं. दोन दिवसांनी तालमीच्या आवारात टळटळीत उन्हात उभे राहून आले म्हणून मी ह्यांना फैलावर घेतलं. टोपी नाही, पाणी नाही, स्वतःच्या जिवाची नाही तर निदान माझी तरी काळजी करा. हे ऐकून घेत राहिले. माझा दम संपला. गोळ्यांची डबी पुढं करत मी विचारलं, “सकाळची घेतली होती?”

“हो. मेलो असतो त्या गाठीनं तर सुटली असतीस बिचारी.”

माझ्या हातातली डबी खाली पडली. ह्यांचा चेहरा पांढराफटक झाला होता. हे उठले आणि परसात जाऊन उभे राहिले.

मी कॉम्प्युटरसमोर बसले. मला शोधायलासुद्धा लागलं नाही. एकच तांब्या, आणि न विसळलेला. गिळलेलं वाक्य त्या जागेत तसंच पडून राहत होतं. त्यावर छोटं वाक्य आलं, “हो” किंवा “नको” एवढंच, की ते वरचे एकदोन शब्द झाकायचं, आणि खालचं उरलेलं सगळं त्याच्या मागोमाग बोललं जायचं. पारख करताना हे कळणार कसं? आम्ही पारख केली निवेदनानं. निवेदक माईकवर कधी काही गिळतो का? मनात येतं ते ओकतो. गिळणं फक्त घरात चालतं.

दुरुस्ती एका ओळीची होती. गिळलं की पुसून टाक. तेवढं पुसायला लागणारा वेळ डोळ्याच्या पापणीलाही कळला नसता.

ती ओळ मी लिहिली नाही.

का नाही लिहिली, ते सांगते. पस्तीस वर्षांत ह्या माणसानं मला टोमणे मारले, हसवलं, रडवलं, पण मनातलं असं कधी सांगितलं नाही. आणि आता ते नुसतं विचारलं की मिळत होतं. मला हाव सुटली. काहीतरी काढून ह्यांना डिवचायचं, हे गप्प बसले की समजायचं, गिळलं. मग हळूच विचारायचं, “चहा टाकू?”

“हो. हात किती सुकलेत तुझे, भांड्यांना बाई लाव की.”

“पंखा लावू?”

“नको. कटकटी आहे ही बाई, डोकं उठवलंय सकाळपासून.”

“दार लोटून घेऊ?”

“घे. दिवशी तुझा हात धरून बसायचं होतं, सगळ्यांसमोर धीर झाला नाही.”

कुठल्या दिवशी ते विचारायची गरज नव्हती. ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवरून हे छताकडं बघत गेले होते, माझ्याकडं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. इतकं सुख झालं की त्याची लाज वाटली, आणि लाज वाटूनही संध्याकाळी पुन्हा विचारलं, “चहा?”

हे मात्र दर वेळी दचकायचे. पट्टीवर हात दाबून धरायचे. मग माझ्याशी बोलणं टाळायला लागले, मान हलवून भागवायला लागले. मी म्हटलं, असू दे, आणखी एकच दिवस.

बबन वस्ताद आले ते चपला न काढता पायरीवरच बसले. हे बाजारात गेले होते. “वहिनी,” ते म्हणाले, “अण्णांनी सकाळी मला सांगितलं, माईक पाटलांनाच द्या.”

“का?”

“म्हणाले, बबन, माझा माझ्यावर ताबा राहिला नाही. नको ते तोंडातून जातंय. म्हातारचळ लागला म्हण. दहा हजार माणसात कुणाच्या लेकराला काय बोलून बसलो तर?” वस्तादांनी उपरण्यानं डोळे पुसले. “लई घाबरलंय हो माणूस. आणि यात्रा झाली की दवाखान्यात जाणार म्हणतोय, काढून घ्यायला.”

मला ब्रह्मांड आठवलं. मी ह्यांच्या मनातलं चमच्याचमच्यानं खात बसले होते आणि हे समजत होते, आपली बुद्धी चळली.

हे बाजारातून आले, पिशवी ठेवली. मी समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. तांब्या, विसळणं, न लिहिलेली ओळ. चहाचंही सांगितलं.

ह्यांना सुटल्यासारखं वाटलं हे मला दिसलं, आणि त्यामागून राग चढत गेला तोही दिसला.

“म्हणजे डोकं ठीक आहे माझं.”

“अगदी ठीक आहे. चूक माझी आहे.”

“चूक झाली त्याचं काही नाही, सारिका. चूक कळल्यावर तू चहा विचारत बसलीस.”

“मला ऐकायचं होतं हो. तुम्ही कधी बोलतच नाही.”

“कटकटी बाई म्हटलं तेही ऐकलंस. त्यातलं खरं कुठलं धरलंस?”

“दोन्ही,” मी म्हटलं. रडू आवरत नव्हतं.

“अगं, मग दोन्ही गिळली होती ती का? माणूस दहा गोष्टी तोंडात घोळवतो, नऊ गिळतो, एक बोलतो. ती एक त्याची. तूही गिळलंच असशील की पस्तीस वर्षं माझ्यापुढं. ते मी कधी मागितलं तुझ्याकडं?”

ह्यांनी मानेमागं हात नेला आणि पट्टी बंद केली.

त्या दिवसापासून घर पुन्हा गप्प झालं. मी ती ओळ लिहिली, दहा वेळा तपासली. लांब वाक्य मध्येच सोडायचं आणि मागोमाग छोटं बोलायचं अशी पारखही लावली, आधीच लावायला हवी होती ती. काही उरत नव्हतं. पण ते चिपमध्ये घालायला ह्यांचा अंगठा हवा, आणि ह्यांच्यापुढं फोन धरून “द्या अंगठा” म्हणायचं तोंड मला नव्हतं. फोन त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. त्यांनी तो उचलून कोनाड्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, “तुम्हाला हवं तर माझं गिळलेलं सगळं सांगते. फिट्टंफाट होऊ दे.” ह्यांनी हात वर केला, थांब म्हणून. नको होतं त्यांना. रागावलेला होता तरी माणूस भला, ह्याचंच मला जास्त रडू आलं.

यात्रेच्या दिवशी वस्तादांची जीप आली. सत्काराला तरी चला, म्हणून त्यांनी गळ घातली. हे कोल्हापुरी फेटा बांधून निघाले. मलाही खुणेनं म्हणाले, चल. पट्टी गळ्यात होती, बंद.

जीप घाटी उतरून बिरोबाच्या माळाला लागली. लांबून हलगी ऐकू यायला लागली. ह्यांची बोटं गुडघ्यावर नाचायला लागली, त्यांना कळतही नव्हतं. मग माझ्याकडं न बघता त्यांनी हात पुढं केला. फोन हवा होता. मी पर्स उपसून दिला. त्यांनी पडद्यावर अंगठा टेकला, दाबून धरला आणि फोन परत दिला.

मैदानाच्या कडेला पाटील माईक घेऊन उभे होते. माती ओली करून, हळद-लिंबू टाकून तयार होती. ह्यांनी मला बाजूला, कर्ण्याच्या खांबापाशी नेलं. मानेमागं हात घालून पट्टी सुरू केली.

नीट चाललं की नाही हे बघायचा मार्ग एकच होता. मी काय सांगणार? काहीतरी लांबलचक मनात आणा आणि गिळा, असं कुठल्या तोंडानं सांगू? पण हे माझ्याकडं बघायला लागले. तसं त्यांनी माझ्याकडं कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. वाक्य जुळत होतं, मला दिसत होतं. चांगलंच मोठं होतं. मध्ये डोळ्यांत पाणी आलं, मग मिशीतल्या मिशीत हसूही आलं. बराच वेळ चाललं ते. मग त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि मान किंचित हलवली, विचार आता, म्हणून.

“उभे राहताय ना माईकवर?” मी विचारलं.

“हो,” हे म्हणाले.

आम्ही दोघंही ऐकत उभे राहिलो. हलगी वाजत होती, फुगेवाला ओरडत होता, कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. पट्टीतून काही आलं नाही. आणखी थोडं थांबलो. काहीच आलं नाही.

ह्यांनी फेटा सारखा केला आणि पाटलांच्या हातातून माईक घेतला. पाटील दोन पावलं मागं सरून हात जोडून उभे राहिले. पहिली जोड मातीत उतरत होती, दोन्ही पोरी, एक आमच्याच तालमीची. “लाल मातीला, बिरोबाला आणि बसलेल्या मायबापांना जयसिंग मोहित्याचा रामराम,” कर्ण्यातून आवाज घुमला, आणि त्या पोरींचे हात एकमेकींना लागत असतानाच, “सलामी झडली!” लांब बाभळीखाली बसलेली म्हातारी माणसं उठून उभी राहिली.

काय होतं ते एवढं मोठं वाक्य? पाणी कशाचं आणि हसू कशाचं? प्रश्न अगदी जिभेवर आला. हे क्षणभर थांबले होते, हाक मारली असती तर वळून बघितलं असतं त्यांनी. मी तोंड उघडलं, मिटलं, आणि बायकांच्या रांगेत जागा करून खाली बसले.